आचार्य शिनरान आणि जपानी मन



जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही चित्रे चटकन उभी राहतात. मिनिटाचाही उशीर न करणारी आगगाडी, कमरेत वाकून अभिवादन करणारी माणसे, अणुबॉम्बच्या राखेतून पुन्हा उभी राहिलेली हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे. आपण बौद्ध असल्यामुळे त्यात आणखी एका चित्राची भर पडते : ते आपल्या धम्मबांधवांचे राष्ट्र आहे. मग आपण मनाशी एक सोपे गणित मांडतो. जेथे बुद्ध तेथे समता. जपानात बुद्ध आहे, म्हणून जपानात समता असणारच. हे गणित बरोबर आहे काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी मी आज आपणांस आठशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाकडे घेऊन जाणार आहे. त्यांचे नाव शिनरान. जपानमधील सर्वांत मोठ्या बौद्ध परंपरांपैकी एक असलेली जोदो शिन्शू ही परंपरा त्यांना आपला संस्थापक मानते. त्यांच्या चरित्रात आपणांस दोन गोष्टी एकत्र सापडतील. जपानी मन कसा विचार करते ही एक. आणि समतेचा उपदेश पुढच्या पिढ्यांच्या हाती पडल्यावर त्याचे काय होऊ शकते, ही दुसरी.

सावलीचे ऋण

जपानी माणसाला ख्यालीखुशाली विचारा. सगळे ठीक असेल तर उत्तरात तो पुष्कळदा 'ओकागेसामा दे' असे म्हणतो. यातल्या 'कागे' या शब्दाचा अर्थ सावली. आपल्या सावलीमुळे, आपल्या आधारामुळे माझे बरे चालले आहे, असा त्याचा भाव. जेवायला बसताना तो हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतो. म्हणजे हे मी नम्रपणे स्वीकारतो. भात पिकविणारा, मासे धरणारा, रांधणारी बाई आणि ज्याचा घास होतो तो जीव, या सर्वांचे ऋण त्या एका शब्दात येते. मी केवळ माझ्या बळावर उभा नाही, न दिसणाऱ्या अनेकांच्या आधारावर उभा आहे, ही जाणीव जपानी विचारपद्धतीत खोल गेलेली आहे. कोणतीही गोष्ट एकटी उत्पन्न होत नाही, हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त तेथे रोजच्या बोलण्यात असा उतरलेला दिसतो.

उपकाराच्या ऋणाला तेथे 'ओन' म्हणतात. परंतु वाचकहो, ऋणाची भाषा कोणाच्या तोंडी आहे यावर तिचा अर्थ ठरतो. मालकाचे ऋण, सरदाराचे ऋण, राजाचे ऋण अशी ती वरून खाली आली, की खालच्या माणसाने मान खाली घालून निमूट राहावे एवढाच तिचा अर्थ उरतो. हीच भाषा आपण सारे एकमेकांच्या आधाराने चालणारे सोबती आहोत या अर्थाने आली, तर ती माणसाला ताठ उभे करते. शिनरान यांनी आयुष्यभर या दुसऱ्या अर्थाची कास धरली.

पर्वतावरील वीस वर्षे

शिनरान यांचा जन्म 1173 साली क्योतोजवळच्या हिनो येथे झाला. घराणे फुजिवारा या बड्या कुळाच्या एका दुय्यम शाखेचे. वडील हिनो आरिनोरी हे दरबारी उमरावांपैकी, पण फार वरच्या पायरीवरचे नव्हेत. काळ मोठा वाईट होता. तैरा आणि मिनामोतो या दोन लष्करी घराण्यांत 1180 ते 1185 पर्यंत युद्ध पेटले होते. त्यातच 1181 आणि 1182 या वर्षांत भीषण दुष्काळ पडला. कामो नो चोमेई या लेखकाने त्या दुष्काळाचे वर्णन करून ठेवले आहे. दोन महिन्यांत राजधानीच्या एका भागातच बेचाळीस हजारांहून अधिक प्रेते मोजली गेली, असे तो सांगतो.

त्याच 1181 साली, जपानी गणनेप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी, या मुलाचे केस उतरवून त्याला प्रव्रज्या देण्यात आली. त्यानंतर हिएई पर्वतावरील तेंदाई पंथाच्या विहारांत त्यांची वीस वर्षे गेली.

हिएई पर्वत म्हणजे त्या काळचे जपानचे मोठे विद्यापीठच. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या आधारे तेथे शिकविले जाई की प्रत्येक जिवात बुद्ध होण्याचे बीज आहे. शिकवण अशी थोर, आणि व्यवहार कसा? वरची पदे बड्या घराण्यांच्या मुलांना. स्त्रीने त्या पर्वतावर पाऊल ठेवायचे नाही. भिक्षूंच्या हाती शस्त्रे, आणि मागणी मान्य करून घ्यावयाची झाली की त्यांच्या सशस्त्र टोळ्या राजधानीवर उतरत. शिनरान तेथे एक साधे भिक्षू होते. पूजागृहात अखंड नामस्मरणाची साधना करणाऱ्यांपैकी ते एक, एवढेच त्यांचे स्थान. वीस वर्षे त्यांनी कसोशीने साधना केली आणि शेवटी प्रामाणिकपणे मान्य केले की आपल्या मनातील लोभ, द्वेष आणि अहंकार गेलेला नाही. किती भिक्षू असे मान्य करतील?

1201 साली, एकोणतीस वर्षांचे असताना, ते पर्वत उतरून क्योतोतील रोक्काकुदो मंदिरात शंभर दिवसांच्या संकल्पाने बसले. हे मंदिर राजपुत्र शोतोकु यांच्या नावाशी जोडलेले आहे. बुद्धधम्म जपानात रुजविणारे आणि 604 साली राज्यकारभारासाठी सतरा कलमांची संहिता देणारे म्हणून शोतोकु यांना जपानी माणूस ओळखतो. त्या संहितेचे पहिलेच कलम सलोख्याविषयी आहे. 'वा' म्हणजे सलोखा हे जपानी समाजाचे मूल्य तेव्हापासून गौरविले जाते. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. पंचाण्णवाव्या दिवशी पहाटे शिनरान यांना स्वप्नात शोतोकूंकडून संकेत मिळाला आणि ते उठून एका वृद्ध आचार्यांकडे गेले. त्या आचार्यांचे नाव होनेन. मग आणखी शंभर दिवस, पाऊस असो की ऊन, ते रोज होनेन यांच्याकडे जात राहिले.

गरिबांच्या बाजूचे गणित

होनेन यांचे म्हणणे थोडक्यात असे. स्तूप बांधणे, मूर्ती घडविणे, ग्रंथ पढणे, कठोर शील पाळणे हीच जर मुक्तीची अट असेल, तर मुक्ती मिळणार कोणाला? श्रीमंताला, पंडिताला आणि भिक्षूला. जगात गरीब आणि अडाणी माणसे अधिक, त्यांनी काय करावे? म्हणून अमिताभ बुद्धांच्या करुणेवर श्रद्धा ठेवून त्यांचे नाव घ्यावे, एवढेच पुरे. जपानीत अमिताभांना अमिदा म्हणतात आणि या नामस्मरणाला 'नेम्बुत्सु'.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडेल, आणि ती पडावी हेही योग्यच आहे. नामस्मरणाने तरून जाणे ही गोष्ट बाबासाहेबांनी आपणांस दिलेल्या धम्मात बसत नाही. आपला बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. हा फरक झाकण्याचे कारण नाही. पण कोणतीही शिकवण तोलताना तिने कोणाचे दार उघडले आणि कोणाची मक्तेदारी मोडली, हेही पाहावे लागते. होनेन यांनी एका वाक्यात मठ, मध्यस्थ, दक्षिणा आणि जन्माचा मोठेपणा या सर्वांची गरजच काढून घेतली. मासेमाराच्या बायकोला आणि दरबारच्या मंत्र्याला एकाच उंबरठ्यावर आणून उभे केले. मठाधीशांना ते कळले, म्हणून तर ते खवळले.

1205 साली नारा येथील कोफुकुजी विहाराने होनेन यांच्याविरुद्ध दरबारात तक्रार गुदरली. 1207 साली दरबाराने प्रहार केला. होनेन यांच्या चार अनुयायांना मृत्युदंड देण्यात आला. होनेन आणि शिनरान यांच्यासह आठ जणांना हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांचे भिक्षुपद काढून घेऊन त्यांना गुन्हेगाराप्रमाणे सामान्य नावे देण्यात आली. शिनरान यांना एचिगो प्रांतात, म्हणजे आजच्या निइगाताच्या बाजूला, बर्फाच्या मुलखात धाडण्यात आले. गुरुशिष्यांची पुन्हा भेट झाली नाही. 1211 साली शिक्षा माफ झाली आणि 1212 साली होनेन वारले.

शिनरान यांनी आपल्या प्रमुख ग्रंथाच्या शेवटी या शिक्षेविषयी लिहिले आहे. सम्राट आणि त्याचे मंत्री धम्माच्या आणि न्यायाच्या विरुद्ध वागले, असे त्यांनी तेथे स्पष्ट नोंदवून ठेवले. सम्राटाला देवाचा वंशज मानणाऱ्या देशात ही साधी गोष्ट नव्हती.

ना भिक्षू, ना गृहस्थ

सरकारने चीवर काढून घेतले, तेव्हा शिनरान यांनी त्याचाच आपल्या आयुष्याचा पाया केला. आपण आता भिक्षू नाही आणि सामान्य गृहस्थही नाही, असे त्यांनी जाहीर केले. स्वतःसाठी त्यांनी 'गुतोकु' हे नाव घेतले. धड मुंडण नाही, धड केस नाहीत, असा खुंट वाढलेल्या डोक्याचा मूर्ख, असा त्याचा अर्थ. त्या काळी अनेक भिक्षू चोरून संसार करीत. शिनरान यांनी तो उघडपणे केला. त्यांच्या सहचारिणीचे नाव एशिन्नी. जपानमधील विहारांत आज आचार्य सहकुटुंब राहताना दिसतात. 1872 साली सरकारने सर्वच पंथांच्या भिक्षूंना विवाहाची मोकळीक दिली. शिनरान यांच्या परंपरेत ती प्रथा त्याआधी कित्येक शतके चालत आली होती.

वाचकहो, एशिन्नींविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. शिनरान यांच्याविषयी त्यांच्या काळच्या दरबारी नोंदींत फारसे काही सापडत नाही. म्हणून हा माणूस खरोखर होऊन गेला काय, अशी शंका काही आधुनिक इतिहासकारांनी काढली होती. 1921 साली क्योतोतील निशी होंगान्जी या मुख्य विहाराच्या दप्तरात दहा पत्रे सापडली. ती एशिन्नींनी आपल्या मुलीला लिहिलेली होती. त्यांत दुष्काळाची, घरच्या चाकरांची आणि पतीच्या आठवणींची हकिकत आहे. एका बाईच्या घरगुती पत्रांनी एवढ्या मोठ्या आचार्याचे अस्तित्व सिद्ध केले.

या पत्रांतूनच एक प्रसंग कळतो. 1214 साली शिनरान कुटुंबासह पूर्वेकडे, कांतो प्रदेशाकडे निघाले. वाटेत लोकांचे हाल पाहून त्यांनी जिवांच्या कल्याणासाठी तीन सूत्रांचे हजार वेळा पठण करण्याचा संकल्प सोडला. चार-पाच दिवस पठण झाले आणि ते थांबले. पोथ्या वाचून दुसऱ्याचे दुःख दूर करण्याचा हा अहंकार आपल्यात कोठून आला, असा प्रश्न त्यांनी स्वतःला केला आणि पोथ्या मिटून ते चालू लागले. सतरा वर्षांनी, 1231 साली, तापाने फणफणले असताना सूत्रांची तीच अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढे नाचू लागली. पठणाचे पुण्य जोडण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही, हे त्यांनी आजारातून उठताना पत्नीजवळ मान्य केले. साऱ्या गावाच्या कल्याणासाठी म्हणून पोथीचे पारायण लावणे आपणांस अपरिचित नाही. त्या पारायणातून बाहेर पडणारा माणूस तेराव्या शतकात जपानमध्ये होता.

दगड, कौले आणि खडे

हिताची प्रांतातील इनादा या गावी आणि आसपास शिनरान सुमारे वीस वर्षे राहिले. हा भाग आज इबाराकी या नावाने ओळखला जातो. तेथे त्यांच्याभोवती जमले ते शेतकरी, कोळी, शिकारी, फेरीवाले आणि खालच्या दर्जाचे शिपाई. मोठे विहार बांधले नाहीत. साध्या घरांत लोक जमत आणि एकत्र नेम्बुत्सु म्हणत. आपला एकही शिष्य नाही, असे शिनरान म्हणत. कारण जी श्रद्धा मी दिली नाही तिच्यावर माझा हक्क कसा, असे त्यांचे म्हणणे. बरोबरच्यांना ते 'दोबो' आणि 'दोग्यो' म्हणत. म्हणजे सोबती, एका वाटेने चालणारे.

शिकाऱ्याची आणि कोळ्याची उपजीविका जीव मारण्यावर. प्रचलित शिकवणीप्रमाणे हे लोक शीलभ्रष्ट, म्हणून पापी ठरत. शिनरान यांनी हा विचारच उलटा केला. जो स्वतःला पुण्यवान समजतो त्याला करुणेची गरज वाटत नाही. आपली अपूर्णता ज्याला ठाऊक आहे तोच करुणेचा पहिला अधिकारी, असे त्यांनी शिकविले. आणि एका ठिकाणी तर त्यांनी जे लिहिले ते वाचताना अंगावर काटा येतो. जुन्या चिनी ग्रंथात खाटीक आणि दारू विकणारे अशा हलक्या लोकांचा उल्लेख होता. त्याचा अर्थ उलगडताना शिनरान यांनी त्या लोकांना 'ते' म्हटले नाही. शिकारी, व्यापारी असे हे सारे आपणच आहोत, दगड, कौलांचे तुकडे आणि खडे यांच्यासारखे. आणि याच दगडांचे सोने होते, असा त्यांनी अर्थ लावला. उमराव घराण्यात जन्मलेल्या माणसाने स्वतःला त्या ढिगाऱ्यात बसविले. पददलितांवर दया करणारे पुष्कळ असतात. त्यांच्यात 'आपण' म्हणून बसणारे फार थोडे.

त्यांच्या आणखी काही गोष्टी पाहा, आपल्या बावीस प्रतिज्ञा मनात ठेवून पाहा. आईवडिलांच्या आत्म्याला सद्गती मिळावी म्हणून आपण कधी एकदाही नेम्बुत्सु म्हटले नाही, असे ते सांगत. भिक्षू आणि गृहस्थ दोघेही शुभ दिवस, शुभ वेळ पाहतात, देवदेवतांपुढे लोटांगण घालतात, शकुन आणि पूजापाठ यांच्या नादी लागतात, याचा त्यांनी आपल्या पद्यांत खेद केला आहे. आपण मेल्यावर प्रेत कामो नदीत टाकून माशांना खाऊ घालावे, अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांचा पणतू काकुन्यो याने लिहून ठेवले आहे. अमिताभांवर श्रद्धा ठेवणारा हा माणूस श्राद्ध, मुहूर्त आणि समाधिपूजा यांच्यापासून किती दूर उभा होता!

त्यांच्या भाषेविषयीही सांगितले पाहिजे. प्रमुख ग्रंथ 'क्योग्योशिन्शो' त्यांनी विद्वानांच्या चिनी भाषेत लिहिला. पण उतारवयात त्यांनी लोकांच्या जपानीत पाचशेहून अधिक पद्ये रचली आणि सोप्या लिपीत विवरणे लिहिली. खेड्यातल्या निरक्षर माणसांना कळावे म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, शिकलेल्यांनी हसायचे तर हसावे, असे त्यांनी नोंदविले. तथागतांनी लोकभाषेत धम्म सांगितला, त्याची येथे आठवण होते.

म्हाताऱ्या बापाचा निर्णय

साठी ओलांडल्यावर शिनरान क्योतोला परतले. मालकीचा विहार नाही, पद नाही. दूरच्या अनुयायांकडून येणाऱ्या मदतीवर त्यांचे चाले, आणि ते त्यांना पत्रांनी उत्तरे देत. मागे कांतोत वाद माजले. ते मिटविण्यासाठी त्यांनी आपला मुलगा झेनरान याला पाठविले. झेनरानने तेथे काय केले? वडिलांनी खरी शिकवण आपल्याला एकट्याला रात्री गुप्तपणे दिली आहे, असे सांगून तो लोकांना आपल्यामागे ओढू लागला. म्हणजे रक्ताच्या नात्यावर धम्माची मालकी!

1256 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, शिनरान यांनी पत्र लिहून मुलाशी नाते तोडले. जपानात वडील-मुलाचे नाते आणि घराण्याची सांखळी यांना केवढे महत्त्व! तेथे ऐन म्हातारपणी एका बापाने खेड्यापाड्यांतल्या सोबत्यांसाठी पोटचा मुलगा दूर केला. गुप्त शिकवण नाही आणि रक्ताचा वारसाही नाही, हे त्यांनी एवढी किंमत देऊन दाखवून दिले.

1263 सालच्या 16 जानेवारीला, जपानी गणनेप्रमाणे नव्वदाव्या वर्षी, क्योतोत धाकट्या भावाच्या निवासात त्यांचे निधन झाले. लेक काकुशिन्नी जवळ होती. दूर एचिगोत असलेल्या आईला तिने कळविले, आणि आईने तिला लिहिलेली उत्तरे पुढे सापडलेल्या त्या पत्रांत आहेत.

नंतर काय झाले?

वाचकहो, चरित्र येथे संपते. पण आपला प्रश्न अजून उभाच आहे.

शिनरान यांचे प्रेत नदीत टाकले गेले नाही. अग्निसंस्कार झाला आणि 1272 साली त्यांच्या अस्थींवर स्मारक बांधले गेले. स्मारकाचे विहार झाले, होंगान्जी. शिष्यच नाहीत म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने मुख्य आचार्यपद तयार झाले आणि ते कोणाकडे गेले? त्यांच्या लेकीच्या वंशाकडे, पिढ्यान् पिढ्या. रक्ताचा वारसा नाकारून त्यांनी मुलाला दूर केले होते, त्याच रक्तावर गादी उभी राहिली. पंधराव्या शतकात आठवे आचार्य रेन्न्यो यांच्या काळात पंथ फार वाढला. 1488 साली कागा प्रांतातील अनुयायी शेतकऱ्यांनी आणि छोट्या सरदारांनी सत्ताधीशाला हटवून जवळजवळ शंभर वर्षे तो प्रांत आपल्या हाती ठेवला. 1602 साली होंगान्जीची पूर्व आणि पश्चिम अशी दोन पीठे झाली.

पुढच्या तोकुगावा राजवटीत, 1603 ते 1868 या काळात, समाजाची उतरंड कायद्याने घट्ट झाली. मृत्यू आणि रक्त यांच्या स्पर्शाने माणूस बाटतो, ही 'केगारे'ची कल्पना जपानात जुनीच होती. चामडे कमावणारे आणि मेलेली जनावरे ओढणारे लोक 'एता' ठरले. या शब्दाच्या चिनी अक्षरांचा अर्थ होतो पुष्कळ घाण. दुसऱ्या एका गटाचे नाव 'हिनिन', म्हणजे अ-मानव. जन्माने ठरणारा धंदा, वेगळी वस्ती, रोटीबेटी बंद. ओळखीचे वाटते ना? या लोकांपैकी बहुसंख्य शिनरान यांच्या पंथाचे अनुयायी होते. त्यांच्यासाठी पंथाने काय केले? त्यांची वेगळी मंदिरे केली आणि ती उतरंडीच्या तळाशी ठेवली. प्रवचनातून त्यांना सांगितले गेले की हा जन्म पूर्वकर्माचे फळ आहे, ते निमूट सोसा, पुढे सुखावतीत सारे समान होतील. दगड आणि खडे हे आपणच, असे म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने हे सांगितले गेले! पूर्वजन्माच्या कर्मावर आजच्या अन्यायाचे खापर फोडण्याचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात का फेटाळला, हे येथे लख्ख समजते.

1871 साली सरकारने एता-हिनिन ही नावे कायद्याने रद्द केली. पण लोकांच्या मनातून ती गेली नाहीत. शिंगू येथील ताकागी केन्म्यो या आचार्याच्या अनुयायांत या वस्तीतले लोक बरेच होते. गरिबीच्या आणि युद्धाच्या विरुद्ध बोलणाऱ्या या आचार्यावर 1910 साली राजद्रोहाच्या खटल्यात आरोप आला. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली. पंथाने त्यांना बहिष्कृत केले आणि 1914 साली तुरुंगात त्यांनी आत्महत्या केली. पंथाने बहिष्कार मागे घेतला तो 1996 साली.

अखेर हे लोक स्वतःच उठले. 3 मार्च 1922 रोजी क्योतोत 'सुइहेइशा' या संघटनेची स्थापना झाली. 'सुइहेइ' म्हणजे पाण्यासारखी सम पातळी. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मान्किची हे नारा प्रांतातील शिनरान यांच्याच पंथाच्या एका मंदिरात जन्मलेले. आम्हाला कीव नको, माणूस म्हणून मान हवा, हा त्या जाहीरनाम्याचा गाभा. त्या संघटनेने दोन्ही होंगान्जींना बजावले की पुढील वीस वर्षे आमच्या वस्त्यांतून कोणत्याही नावाने देणग्या गोळा करू नका. पण त्यांनी शिनरानला सोडले नाही. गादी तुमची, शिनरान आमचा, असाच जणू त्यांचा पवित्रा होता. गादीवरच्यांनी काय केले? 1940 साली पश्चिम होंगान्जीने सम्राटाच्या मानाला बाधक म्हणून शिनरान यांच्याच लेखनातील उतारे न वाचण्याची सूचना काढली.

सलोखा आणि मौन

मघाशी सलोख्याचा, म्हणजे 'वा'चा उल्लेख केला होता. सलोखा हे मोठे मूल्य आहे. चारचौघांत दुसऱ्याला न दुखविणे, मतभेद शांतपणे मिटविणे, हे जपानी माणसाकडून शिकावे. पण अन्याय असेल तेथे सलोखा म्हणजे काय? बोलू नका, म्हणजे लोक आपोआप विसरतील, असे तेथे अनेक सज्जन या प्रश्नावर सुचवीत आले. मौनाने काय साधले? 1975 साली उघडकीस आले की अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या गुप्तपणे विकल्या जात होत्या आणि नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराचा जन्म तपासण्यासाठी कंपन्या त्या विकत घेत होत्या. 1979 साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील जागतिक धर्मपरिषदेत एका जपानी बौद्ध प्रतिनिधीने आपल्या देशात असा भेदभावच नाही, असे सांगून अहवालातील उल्लेख काढावयास लावला. नंतर निषेध झाला आणि त्यांना माफी मागावी लागली. त्याच सुमारास अनेक पंथांच्या दफनभूमींत या लोकांच्या थडग्यांवर पशू अशा अर्थाची अक्षरे घालून दिलेली मरणोत्तर धम्मनावे शोधून काढण्यात आली. मेल्यावरही जात सुटली नव्हती. 2016 साली जपानच्या संसदेने हा भेदभाव दूर करण्यासाठी कायदा केला. भेदभाव अजून आहे, हे त्यात स्पष्ट मान्य केले आहे.

म्हणजे आपले सुरुवातीचे गणित चुकले. बुद्धाचे नाव असले म्हणजे समता असतेच, असे नाही. समतेचा धम्म स्वतःचे रक्षण करीत नाही. त्याचे रक्षण अनुयायांनी करावे लागते. गादी, रक्ताचा वारसा, वेगळी मंदिरे, पूर्वकर्माचे समर्थन आणि सोयीचे मौन, या वाटांनी विषमता धम्माच्याच घरात शिरली. आपल्या विहारांत, आपल्या संघटनांत, आपल्या सोयरिकीत पोटजातीच्या रूपाने ती शिरत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. जपानकडे बोट दाखविण्यापूर्वी विचारावे.

आणि जपानकडून घ्यावयाचे ते अवश्य घ्यावे. आपण दुसऱ्यांच्या सावलीत उभे आहोत ही जाणीव घ्यावी. पण ती सावली कोणाची, हे विसरू नये. ती गादीवरच्यांची नव्हे. ती शेत नांगरणाऱ्यांची, जाळे टाकणाऱ्यांची, चामडे कमावणाऱ्यांची आहे. उमराव घरातला शिनरान पर्वत उतरून त्या माणसांत जाऊन बसला आणि त्यांना सोबती म्हणाला. सात शतकांनी त्याच सोबत्यांच्या वंशजांनी त्याचा शब्द गादीच्या हातून परत मागून घेतला. आपल्या हाती आलेला शब्द असा कोणाला मागून घ्यावा लागू नये, एवढी काळजी आपण घेतली, तरी शिनरानचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले.